एका गोठ्याचे दोन गोठे

आज गुरांच्या टीबीबद्दल, म्हणजे क्षयाबद्दल बोलू या. पण ही औषधाची गोष्ट नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या डेन्मार्क या छोट्या देशानं गोठ्याची रीत बदलून हा रोग कसा मागे रेटला, त्याची ही गोष्ट.

डेन्मार्कचा संसार लोण्यावर चालायचा. १८८२ साली तिथं पहिली सहकारी डेअरी निघाली आणि थोड्याच वर्षांत गावोगावी डेअऱ्या झाल्या. घरोघरचं दूध एकत्र व्हायचं, साय काढून लोणी व्हायचं आणि उरलेलं पातळ दूध शेतकरी वासरांसाठी परत न्यायचे. घात इथंच होता. एका आजारी गाईचं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळलं, की रोग घरोघरच्या वासरांत पोचायचा. त्यात हिवाळाभर गुरं बंद गोठ्यात खेटून बांधलेली. एकीच्या खोकल्याचा वारा दुसरीला लागायचा.

त्याच साली जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधला. १८९० साली त्यांनी ट्युबरक्युलिन काढलं. त्यानं रोग बरा झाला नाही, पण लपलेला रोग कळू लागला. रोगी जनावराला ते टोचलं की ताप चढायचा. धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी गाई आतून रोगी निघाल्या.

मग करायचं काय? सगळ्या मारल्या तर शेतकरी उघड्यावर पडणार. डेन्मार्कचे गुरांचे डॉक्टर बर्नहार्ड बँग यांनी १८९२ साली एका शेतावर वेगळी वाट धरली. गोठ्याचे दोन भाग केले. एकात रोगी, दुसऱ्यात निरोगी. रोगी गाईचं वासरू जन्मताच वेगळं काढायचं आणि त्याला तापवलेलं दूध पाजायचं. निरोगी बाजूची पुन्हा पुन्हा तपासणी करायची. उघड आजारी, खास करून कासेला रोग झालेली गाय मात्र काढून टाकायची. अशानं रोगी गाईंच्या पोटीही निरोगी कालवडी वाढल्या आणि गोठा हळूहळू सुधारला.

१८९८ साली तिथं कायदा झाला: डेअरीतून परत जाणारं दूध तापवूनच द्यायचं. पुढं तपासणी आणि रोगी गुरं काढून टाकणं देशभर नेटानं चाललं. विसाव्या शतकाच्या मध्याला डेन्मार्क या रोगातून मोकळा झाला.

मैत्रिणींनो, गोठा झाडणं, धार काढणं, वासरू पाजणं ही कामं आपल्याच हातची. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे. बाजारातून आणलेलं जनावर लगेच दावणीला बांधू नका. आधी वेगळं ठेवा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. आता ताप बघत बसावं लागत नाही. मानेच्या कातडीत सुई टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. खोकणाऱ्या, खंगत चाललेल्या गाईची गव्हाण आणि पाण्याचं भांडं वेगळं करा. गोठ्यात हवा खेळती ठेवा. आणि घरात लेकरांना कच्चं दूध कधीच देऊ नका, कारण हा रोग दुधातून माणसालाही होतो.

एकीनंच काळजी घेतली आणि शेजारणीनं घेतली नाही, तर डेअरीच्या कॅनसारखं सगळं पुन्हा एकत्र होतं. म्हणून पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्या गुरांची तपासणी एकाच दिवशी करून घ्यायचं ठरवा.