लोकधारा, महाराष्ट्राची : बदलता संच

शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांनी उभा केलेला लोकगीत-लोकनृत्यांचा रंगमंचीय कार्यक्रम. वासुदेव, गोंधळ, कोळीगीत, लावणी असे प्रकार त्यात एका सूत्रात येतात. भरत जाधव, अंकुश चौधरी हे पुढे गाजलेले नट या संचात घडले आणि बाहेर पडले. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर येथे जमणाऱ्या रसिकांत अशा कार्यक्रमांबाबत एक वाद ठरलेला असतो : जुना संच गेल्यावर उरते ते मूळ, की केवळ नाव? इंग्लंडमधील फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लोक-रॉक वाद्यवृंदापुढेही हाच प्रश्न आला. १९६७ मधील स्थापनेनंतर चारच वर्षांत त्यात एकही संस्थापक उरला नव्हता. तरी वृंद टिकला.

लोककलेत संच बदलणे हा अपवाद नव्हे, रीतच आहे. तमाशाच्या फडात ढोलकीवाला, सोंगाड्या बदलतात. फडाचे नाव चालू राहते. गोंधळात संबळ बापाकडून मुलाकडे जाते. साबळ्यांचा पहाडी आवाज पुन्हा मिळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो गायकाविषयीचा आहे, कार्यक्रमाविषयीचा नव्हे. झीलकऱ्यांची साथ, वेशभूषा आणि प्रवेशांचा क्रम शिकवता येतो, म्हणून तो उरतो. नुसते नाव लावून ध्वनिमुद्रणावर नाचणारा संच मात्र या युक्तिवादात बसत नाही. साबळ्यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) हा चित्रपट नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केला. शाहिरांची भूमिका याच संचात घडलेल्या अंकुश चौधरी यांनी केली.