हैदराबादशी निगडित मराठवाड्यातील व्यक्ती व संस्था

मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि हैदराबाद ही त्यांची राजधानी होती. वरिष्ठ न्यायालय, सरकारी नोकरी आणि पदवीचे शिक्षण यांसाठी मराठवाड्यातील माणसाला तेथेच जावे लागे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील धर्माबाद हे बासरनंतरचे महाराष्ट्रातील पहिले स्थानक असून नांदेड, परभणीकडील विद्यार्थी याच मार्गाने हैदराबादेस जात. त्यामुळे मराठवाड्याच्या वाङ्मयीन व राजकीय जीवनाचा पूर्वार्ध बराचसा हैदराबादेत घडलेला आहे.

== शिक्षण ==
निजामी राजवटीत मराठी शिक्षणाचा भार प्रामुख्याने खाजगी शाळांनी उचलला. त्यांत १९०७ साली हैदराबादेत स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही अग्रगण्य होय. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. कोरटकर (१८६७–१९३२) मूळचे वसमत भागातील पुरजळचे. वकिलीतून पुढे आलेले हे गृहस्थ हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावे लागते. मात्र राज्यातील बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती. मराठी, तेलुगू वा कन्नड घरातील मुलाला गणित आणि विज्ञानही उर्दूतून शिकावे लागे. याच विद्यापीठात मराठीचा विभागही होता. तेथे अध्यापन करणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर यांचा ‘मुक्तमयूरांची भारते’ हा मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध आहे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी चळवळ केली. त्यांपैकी अनेकांना विद्यापीठ सोडावे लागले व त्यांतील कित्येकांनी नागपूर विद्यापीठात शिक्षण पूर्ण केले.

== साहित्य ==
१९३१ सालचे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषद या तेथील अन्य प्रमुख संस्था होत. परिषदेच्या ‘पंचधारा’ या नियतकालिकाने शेजारच्या भाषांतील साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली.

निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हैदराबाद राज्याच्या प्रशासकीय सेवेत होते. आदिवासी भागातील नोकरीत त्यांनी गोंडी व कोलामी भाषा आत्मसात केल्या आणि फार्सी साधनांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यांच्या ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्रात जुन्या हैदराबादचे दर्शन घडते.

नांदापूरकरांचे भाचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचेही शिक्षण काही काळ हैदराबादेत झाले. तेथे परीक्षेतील यश त्यांना लाभले नाही. वाचन मात्र अफाट झाले. पुढे ते नांदेडला शिक्षक झाले आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून तेथेच कार्यरत राहिले.

== स्वामी रामानंद तीर्थ ==
हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांत अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) हैदराबाद स्टेट काँग्रेसचे प्रमुख नेते झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे हैदराबादेत निधन झाले. त्यांची समाधी बेगमपेठेत आहे, तर त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले.

== १९५६ नंतर ==
राज्यपुनर्रचनेने मराठवाडा प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झाले आणि विद्यार्थ्यांचा ओघ तिकडे वळला. विवेकवर्धिनी, ग्रंथसंग्रहालय आणि परिषद या संस्था मात्र सीमेपलीकडे राहिल्या. ज्या प्रदेशातून त्यांना विद्यार्थी, वाचक व लेखक मिळत, तो आता दुसऱ्या राज्यात गेला होता. धर्माबाद परिसरातील घरांतून मराठीबरोबर तेलुगू आजही बोलली जाते.