विजापूर मुलांना कसे दाखवावे?

शाळांच्या सहलींचा हंगाम आला की बेळगाव, सोलापूर, हैदराबाद या बाजूंच्या अनेक गाड्या विजापूरच्या वाटेला लागतात. २०१४ पासून या नगराचे अधिकृत नाव विजयपुर असे झाले आहे. परंतु बखरींतून आणि घरोघरच्या बोलण्यातून आलेले विजापूर हेच नाव आपल्या जिभेवर आहे, म्हणून मीही तेच वापरतो. या गाड्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम गोल घुमट, तेथे वरच्या सज्जात यथेच्छ आरडाओरडा, मग तोफ, मग डबे, मग परत. मुले आनंदात असतात, शिक्षक घामाघूम झालेले असतात, आणि एका राजधानीशी कोणाचीच ओळख झालेली नसते.

माझ्या मते विजापूरची सहल पाण्यापासून सुरू करावी. हे नगर कोणा मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. भोवती कोरडे, उघडे पठार, पाऊस बेताचा. मग सुमारे दहा किलोमीटर घेराच्या तटाआड एवढी वस्ती प्यायली काय? हा प्रश्न मुलांना आधी विचारावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. पश्चिमेकडील तोरवीहून जमिनीखालून आणलेले पाणी, दक्षिणेस महंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत १६५१ साली बांधलेला बेगम तलाव, आणि तेथून चुनेगच्चीत बसविलेल्या मातीच्या नळांनी शहरात खेळविलेले पाणी, अशी ही व्यवस्था होती. वाटेवर जागोजागी दगडी चौकोनी मनोरे उभे आहेत. त्यांना गंज म्हणतात. नळातले पाणी या मनोऱ्यात वर चढे, त्याचा फाजील दाब तेथे ओसरे, गाळ तळाशी बसे, आणि मग ते पुढे जाई. प्रवासी यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण शास्त्राच्या तासाला दाबाचा नियम शिकलेल्या मुलाला असा एक गंज दाखवून पाहावा. ताज बावडीच्या भव्य कमानीखाली उभे राहिल्यावर, येथे पाण्याला राजवाड्याइतका मान का होता, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता थोडे अवघड विषयाकडे वळतो. ‘अफझलखान जेथून निघाला ते गाव मुलांना कौतुकाने कशाला दाखवायचे?’ असे काही पालक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकणे शिक्षकाला शोभणार नाही. १६५९ साली खान याच दरबारातून निघाला, हे सांगितलेच पाहिजे. परंतु १६३६ नंतर शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते, रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकाच्या मोहिमांवर गेले आणि बंगळूर त्यांना मिळाले ते याच दौलतीकडून, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. पहिल्या इब्राहिमाने सोळाव्या शतकातच वसुलीचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवविले. त्यामुळे लेखणी देशी कारकुनांच्या हाती आली. दुसऱ्या इब्राहिमाने ‘किताब-ए-नवरस’ या आपल्या दखनी गीतांच्या ग्रंथात सरस्वती आणि गणपती यांना वंदन केले आहे. महाराजांनी ज्या सत्तेशी झुंज दिली तिची घडी किती पक्की होती, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, त्यालाच त्या झुंजीचे मोल कळेल. शत्रू मातीचा होता असे शिकविणे हा महाराजांचाच अपमान आहे, असे मला वाटते.

गोल घुमट मात्र सकाळी, गर्दी होण्यापूर्वी गाठावा, आणि आत शिरताच मुलांना पाच मिनिटे गप्प उभे करावे. हे सर्वांत कठीण काम! आतला दिवाणखाना अठरा हजार चौरस फुटांहून मोठा, आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा हळूहळू अष्टकोन होतो आणि त्यावर आतून सुमारे १२४ फूट व्यासाचे वर्तुळ येऊन बसते. दोन चौकोन एकावर एक तिरपे ठेवून ही आकृती वहीत काढता येते. ती काढल्याशिवाय कोणालाही सज्जावर सोडू नये. दक्षिणेच्या दारावर महंमद आदिलशहाच्या मृत्यूचे साल सांगणारा लेख आहे. ते साल १६५६. त्यानंतर मग खुशाल ओरडावे. प्रतिध्वनी ही गंमत आहे आणि मुलांना गंमत मिळालीच पाहिजे.

साठ कबरींची कथा वाटाड्या हमखास सांगतो. ज्योतिषाने मरणाचे भाकीत केले म्हणून खानाने प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी आपल्या बायका बुडविल्या, अशी ती कथा. ती दंतकथा म्हणूनच सांगावी, आणि कबर म्हणजे पुरावा व कथा म्हणजे ऐकीव गोष्ट, हा भेद तेथेच उभे राहून समजावावा. फळ्यापुढे तो कधी समजत नाही.

अखेरीस मलिक-ए-मैदान. सिंहाच्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे, अशा तोंडाची ही तोफ १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीसाठी महंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून १६३२ साली मुरार जगदेव याने ती विजापुरास आणली. १६८६ च्या सप्टेंबरात नगर पडले आणि औरंगजेबाने आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. एकाच धातूवर दोन राजवटींची अक्षरे आहेत, आणि जिने ती तटावर मिरविली ती तिसरी. पुढे १७६० मध्ये विजापूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींकडे गेले, आणि १८४८ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर सहा वर्षांनी, १८५४ साली, जुने निरुपयोगी सामान म्हणून ही तोफ लिलावात काढण्यात आली. बोली आली दीडशे रुपयांची. रक्कम फारच थोडी वाटल्याने गोष्ट वरिष्ठांपर्यंत गेली आणि विक्री रद्द झाली. म्हणून ती अजून बुरुजावर आहे, आणि मुले तिच्या जबड्यात हात घालून हत्तीचे सुळे चाचपतात.