लेनीला सांभाळणारा जॉर्ज

दोन माणसे एकमेकांच्या सोबतीने कामाच्या शोधात हिंडतात, ही किती साधी गोष्ट! पण जॉन स्टाइनबेक यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या छोटेखानी कादंबरीत जो तो याच गोष्टीचे नवल करतो. मळ्याचा मालक तर उघड संशय घेतो. लहान चणीचा, चलाख जॉर्ज त्या धिप्पाड, पण बुद्धीने लहान मूलच राहिलेल्या लेनीची मजुरी लाटत तर नसेल? दुसऱ्यासाठी एवढा खटाटोप करणारा माणूस मालकाने कधी पाहिलेलाच नसतो. हा संशय कोठून आला हे समजण्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

स्टाइनबेक १९०२ साली कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथे जन्मले. स्टॅनफर्ड विद्यापीठात अधूनमधून शिकत असताना त्यांनी साखर कंपनीच्या मळ्यांवर मजुरीही केली. पाठीवर वळकटी टाकून हंगामामागे धावणारे एकटे पुरुष त्यांनी तेथे पाहिले. लेनी हा आपण पाहिलेल्या एका खऱ्या माणसावरून घेतला, असे त्यांनी १९३७ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते. त्या माणसाच्या हातून बाई नव्हे, तर मुकादम मारला गेला होता. कारण मुकादमाने त्याच्या मित्राला कामावरून काढले होते! म्हणजे मूळ घटनेतही केंद्रस्थानी मैत्रीच होती.

१९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत बेकारी इतकी वाढली, की १९३३ साली सुमारे चौथा हिस्सा कामकरी माणसे रिकामी होती. सरकारने १९३५ मध्ये कामगार संघटनांना संरक्षण देणारा आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन देणारा, असे दोन मोठे कायदे केले. त्या दोन्हींतून शेतमजुरांना मात्र वगळण्यात आले. कादंबरीतला एक हात गमावलेला म्हातारा कँडी आपल्याला कधी हाकलतील या धास्तीत जगतो, ती लेखकाची निव्वळ कल्पना नव्हे. अशा जगात माणसाला माणसाखेरीज दुसरा विमा नव्हता.

लेनीसाठी तर जॉर्ज हाच सर्वस्व. क्लारामावशी वारल्यावर त्याने लेनीला आपल्याबरोबर घेतले. कामाची चिठ्ठी तोच जपतो, मालकासमोर तोच बोलतो, साचलेले पाणी पिऊ नकोस म्हणून तोच दटावतो. संकट आलेच तर नदीकाठच्या झुडपांत लपून राहा, हेही तोच पढवून ठेवतो. मात्र स्टाइनबेक यांनी त्याला संत केलेले नाही. पूर्वी आपण लेनीची थट्टा करीत होतो, अशी कबुली तो स्लिमजवळ देतो. एकदा त्याने चारचौघांसमोर लेनीला नदीत उडी मारायला सांगितले. पोहता न येणाऱ्या लेनीने ती मारली, बुडता बुडता वाचला, आणि ज्याने उडी मारायला लावली होती त्याचेच वाचवल्याबद्दल आभार मानू लागला. त्या दिवसापासून जॉर्जने तसे पुन्हा केले नाही. जो आपला शब्द डोळे मिटून पाळतो, त्याच्याशी बोलताना प्रत्येक शब्द तोलावा लागतो. अधिकार आणि जबाबदारी यांतला हा फरक जॉर्ज शाळेत नव्हे, नदीकाठी शिकला.

आणि जॉर्जही लेनीवर अवलंबून आहेच. एकटा असतो तर किती सुखी असतो, असे तो चिडून म्हणतो खरा. पण दहा एकरांची जमीन, ससे, आपली स्वतःची चूल, हे स्वप्न लेनीने हट्टाने सांगायला लावले म्हणूनच त्याच्या मनात जिवंत राहते. लेनीच्या हातून मालकाच्या सुनेचा जीव गेल्यावर ते स्वप्नही संपते.

शेवटी जॉर्ज स्वतः लेनीवर गोळी झाडतो. कित्येक वाचक याला दया म्हणतात. पण त्याच्यापुढे दुसरे काय होते? पाठलाग करणारा जमाव, नाहीतर कोंडवाड्यासारखे वेड्यांचे इस्पितळ. कॅलिफोर्नियात १९०९ पासून अशा लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा होता; तो १९७९ मध्ये रद्द होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसे त्याला बळी पडली. जॉर्जच्या हातातले पिस्तूल समाजाने आधीच भरून ठेवले होते, असे मला वाटते.

या कथेला पुढे एक विलक्षण शेपूट फुटले. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना मृत्युदंड देऊ नये, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. मग असे अपंगत्व ओळखायचे कसे? टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने २००४ मध्ये कसोट्या ठरवताना चक्क लेनीचा दाखला दिला. लेनीसारख्याला सूट मिळावी हे लोकांना पटेल. पण जो थोडी योजना आखू शकतो, खोटे बोलू शकतो, त्याचे काय, असा त्यांचा रोख होता. याच कसोट्यांच्या आधारे ऑगस्ट २०१२ मध्ये एका कैद्याला मृत्युदंड देण्यात आला. आपल्या वडिलांच्या पात्राचा असा उपयोग झालेला पाहून स्टाइनबेक यांचे पुत्र थॉमस यांनी जाहीर संताप व्यक्त केला. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कसोट्या अमान्य केल्या.

न्यायाधीशांनी कादंबरी वाचली होती, पण ती अर्धीच. त्यांनी लेनी किती दुबळा आहे एवढेच मोजले. ज्याच्या आधाराने तो उभा होता, त्या जॉर्जकडे त्यांचे लक्ष गेले नाही. वास्तविक लेनीदेखील खोटे लपवू पाहतो, खिशात मेलेला उंदीर दडवून ठेवतो. त्याला शहाणपणाचे चार शब्द पाठ येतात, कारण कोणीतरी ते त्याच्याकडून रोज घोकून घेतलेले असतात. दुबळ्याची परीक्षा घेण्याआधी त्याच्या पाठीशी कोण उभे होते, हे विचारले पाहिजे. आणि कोणीच नव्हते, असे उत्तर आले, तर दोष कोणाच्या माथी मारायचा, याचाही विचार करावा लागेल.