‘मे’, ‘माइट’ की ‘मस्ट’? इंग्रजीतील शक्यतेचे व्याकरण

सर्दीच्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ असा इशारा छापलेला असतो. गोळी घेतल्यावर झोप येईलच, असे त्यात म्हटलेले नाही. येणार नाही, अशी हमीही नाही. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकातही आजवरची कामगिरी पुढे टिकेल अथवा टिकणार नाही, हे ‘मे ऑर मे नॉट’ अशा शब्दांत सांगितलेले असते. गोळी घेऊन वाहन चालवावे की नाही, आयुष्याची पुंजी कोठे गुंतवावी, असे निर्णय या एवढ्याशा शब्दाच्या अर्थावर अवलंबून असतात. म्हणूनच शक्यता दर्शविणाऱ्या या शब्दांची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

शालेय व्याकरणात या शब्दांना ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात. कॅन, कुड, मे, माइट आणि मस्ट हे त्यांपैकी प्रमुख. कर्ता कोणीही असला तरी त्यांचे रूप बदलत नाही आणि त्यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. ‘ही मे कम’ हे बरोबर. ‘ही मे कम्स’ किंवा ‘ही मे टु कम’ हे चूक.

मराठी माणसाची अडचण कोठे?

‘तो घरी असेल’ हे वाक्य मराठीत अंदाजाचेही असते आणि जवळपास खात्रीचेही. नेमकी छटा बोलणाऱ्याच्या स्वरावरून किंवा ‘कदाचित’, ‘नक्की’ अशा शब्दांवरून कळते. इंग्रजीत हे काम क्रियापदालाच करावे लागते. दारात गाडी उभी आहे, खिडकीत दिवा दिसतो आहे, म्हणजे तो घरी असणारच, असा तर्क असेल तर ‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणावे. असेल किंवा नसेलही, असे वाटत असेल तर ‘मे’, ‘माइट’ अथवा ‘कुड’ वापरावे. ‘माइट’ हे मूळचे ‘मे’चे भूतकाळी रूप असले, तरी आज ते वर्तमान व भविष्याबद्दलही सर्रास वापरले जाते. ‘माइट’मध्ये शक्यता थोडी कमी असते, असा जुना दंडक आहे, मात्र नित्याच्या बोलण्यात अनेक इंग्रजी भाषक हा भेद फारसा पाळत नाहीत.

‘शकतो’चा सापळा

मराठीतील ‘शकतो’ क्षमता, परवानगी आणि शक्यता अशी तिन्ही ओझी वाहतो. त्यामुळे ‘आज पाऊस पडू शकतो’चे भाषांतर आपण सहज ‘इट कॅन रेन टुडे’ असे करतो. ते इंग्रजी कानाला खटकते. एखादी गोष्ट एरवी घडत असते, असे सर्वसाधारण विधान करताना ‘कॅन’ चालते. दिल्लीत हिवाळ्यात दाट धुके पडू शकते, येथे ‘कॅन’ योग्य. पण आज रात्री धुके पडण्याची शक्यता आहे, असे सांगताना ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवे.

नकारात अर्थ आणखी बदलतो. ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हणजे तो कदाचित घरी नसेल. ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी असणे शक्यच नाही. तर्काच्या ‘मस्ट’चा नकार ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘कान्ट’ने होतो. ‘मस्ट नॉट’ने प्रामुख्याने मनाई व्यक्त होते.

गेला असेल की गेला असता?

सर्वांत नाजूक जागा भूतकाळाची. ‘अपघातात तो दगावला असेल’ आणि ‘अपघातात तो दगावला असता’ यांत मराठीत गल्लत होत नाही. पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास. इंग्रजीत मात्र ‘माइट हॅव डाइड’ आणि ‘कुड हॅव डाइड’ यांतून संदर्भानुसार दोन्ही अर्थ निघतात. अशी बातमी कळविताना संदिग्धता परवडणारी नसते. खरोखरच काही ठाऊक नसेल तर ‘मे हॅव’ वापरावे. संकट टळले असेल तर ‘कुड हॅव’ म्हणून ‘बट ही सर्व्हाइव्ह्ड’, म्हणजे तो वाचला, हे पुढे स्पष्ट जोडावे.

करारातला ‘मे’ वेगळा

कायद्याच्या आणि करारांच्या भाषेत ‘मे’ बहुधा शक्यता नव्हे, तर अधिकार सांगतो. नवी राज्ये निर्माण करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ ने संसदेला याच शब्दाने दिला आहे; २०१४ मध्ये तेलंगणाची निर्मिती त्याच तरतुदीच्या आधारे झाली. नेमणूकपत्रात कंपनी परिवीक्षेचा कालावधी वाढवू ‘मे’ असे असेल, तर तो निव्वळ अंदाज नाही. तो निर्णय कंपनीने स्वतःच्या हाती ठेवला आहे, असा त्याचा अर्थ. उलट ‘यू मे बी कॉल्ड फॉर अ‍ॅन इंटरव्ह्यू’ असे कळविणाऱ्याने मुलाखतीचे आश्वासन दिलेले नसते.

म्हणून स्वाक्षरी करण्यापूर्वी किंवा औषध घेण्यापूर्वी ‘मे’ दिसला, की एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा : हा शब्द अंदाज सांगतो आहे, की कोणाचा अधिकार? आणि आपण त्याच्या जागी नकळत ‘विल’ तर वाचत नाही ना?