बनातीची कातर आणि हिरवळीचे यंत्र

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म बागेपासून दूर, लोकरी कापडाच्या गिरणीत झाला, आणि हे ध्यानात ठेवल्याशिवाय या यंत्राची घडण, त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा नीट उमगत नाहीत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतीच्या अरुंद दऱ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवून तेथील कारागिरांनी शतकानुशतके जाड, घट्ट आणि मऊ लव असलेले लोकरी कापड तयार करण्याचा धंदा जोपासला. मराठीत या कापडाला बनात म्हणतात. स्ट्राउडची लाल बनात ब्रिटिश सैनिकांच्या डगल्यांसाठी आणि हिरवी बनात बिलियर्ड्सच्या टेबलांसाठी जात असे, आणि ईस्ट इंडिया कंपनीही आशियातील बाजारपेठांत विकण्यासाठी हे कापड मोठ्या प्रमाणावर खरेदी करत असे.

बनात मागावरून उतरली की तयार झाली असे होत नाही. विणलेले कापड ओले करून लाकडी हातोड्यांखाली इतके कुटतात की धागे एकमेकांत गुंतून आक्रसतात आणि विणीची जाळी दिसेनाशी होते. मग एका झुडपाची वाळलेली काटेरी बोंडे कापडावरून फिरवून तंतू उभे करतात, आणि शेवटी हे उभे तंतू एकसारख्या उंचीवर कातरतात. हा शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक, कारण कातर जराशी खोल गेली तर कापडाला डाग पडल्यासारखा खड्डा दिसतो आणि वरवर राहिली तर कापड खरखरीत लागते. भल्यामोठ्या जड कातरींनी हे काम करणारे कातरकरी आपल्या कसबाचा अभिमान बाळगून होते, आणि यंत्रे येऊ लागताच त्यांनी प्राणपणाने विरोध केला. १८०२ मध्ये शेजारच्या विल्टशर परगण्यात गिरण्यांची जाळपोळ झाली आणि त्या प्रकरणात टॉमस हेलिकर नावाच्या कोवळ्या वयाच्या शिकाऊ उमेदवाराला १८०३ मध्ये फाशी देण्यात आले. दहा वर्षांनी यॉर्कशरमध्येही कातरण्याची यंत्रे फोडली गेली. तरीही यंत्र थांबले नाही. स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम येथील जॉन लुईस याने १८१५ मध्ये कातरणयंत्राचे पेटंट घेतले. अशा यंत्रात एका आडव्या दंडगोलावर मळसूत्राप्रमाणे वळत गेलेली पाती असतात, आणि दंडगोल फिरू लागला की ती खालच्या एका स्थिर पात्याला लागून जातात. कात्रीचे एक पान जागेवर ठेवून दुसरे सतत फिरते ठेवावे तसा हा प्रकार असतो. पाती वळलेली असल्यामुळे ती सगळ्या रुंदीवर एकदम आदळत नाहीत, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत कापतात, आणि म्हणूनच लव एकसारखी राहते.

त्या काळी इंग्लंडमधील हिरवळीचे गवत मात्र लांब दांड्याच्या, बाकदार पात्याच्या मोठ्या विळ्याने कापले जात होते. हा विळा दोन्ही हातांत धरून, उभ्यानेच, कमरेतून वळत जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवायचा असतो, आणि त्याला स्थिर पात्याची जोड नसल्यामुळे तो केवळ धारेच्या व वेगाच्या बळावर कापतो. कोरडे गवत पात्यापुढे लवते, दवाने जड झालेले गवत उभे सापडते. म्हणून कापणारे पहाट फुटताच कामाला लागत आणि मधूनमधून थांबून दगडावर धार लावत. त्यांच्यामागून बायामुले कापलेले गवत झाडून गोळा करत. अठराव्या शतकात कॅपेबिलिटी ब्राउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यानरचनाकाराने (१७१६–१७८३) वाड्याच्या दारापर्यंत पसरलेली हिरवळ श्रीमंतांच्या डोळ्यांत भरवली. लांबच्या भागात मेंढ्या चरत आणि त्या वाड्याजवळ येऊ नयेत म्हणून नजरेला न दिसणारा खोल चर खणला जाई, पण वाड्यालगतची हिरवळ माणसांनाच कापावी लागे. ती राखायची तर कसबी माणसांचा ताफा पदरी हवा, आणि म्हणून आखूड कापलेली हिरवळ हे पिकाखालची जमीन मोकळी सोडण्याची ऐपत असलेल्या घराण्याचे लक्षण ठरले.

स्ट्राउडच्या गिरण्यांतील यंत्रांशी ज्याचा रोजचा संबंध होता त्या एडविन बडिंग या यंत्रकाराने या दोन कामांतील साम्य ओळखले. उभी लव आणि उभे गवत यांत कापण्याच्या दृष्टीने फरक तो कितीसा? गिरणीत कापड यंत्राखालून सरकते, हिरवळीवर यंत्रच जमिनीवरून सरकले पाहिजे, एवढाच काय तो बदल; मात्र हा बदल प्रत्यक्षात उतरवण्यातच बडिंगची खरी कर्तबगारी आहे. यंत्राला वेगळी शक्ती पुरवण्याची सोय नव्हती, तेव्हा त्याने मागे एक जड रूळ बसवला, आणि यंत्र ढकलले की हा रूळ फिरून दातेरी चाकांच्या जोडणीने पुढचा पात्यांचा दंडगोल अनेक पट वेगाने फिरेल अशी योजना केली. तोच रूळ जमीनही दाबून सपाट करी. मधल्या एका लहान रुळाची उंची कमीजास्त केली की गवत किती आखूड कापायचे ते ठरे, आणि कापलेले गवत पुढच्या पेटीत जाऊन पडे. यंत्राचा सांगाडा लोखंडाचा आणि कापण्याची रुंदी १९ इंच, म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर होती. मागून ढकलायला एक माणूस लागे आणि पुढून ओढायला दुसरा जोडता येई. बडिंग रात्रीच्या अंधारात यंत्राची चाचणी घेत असे, अशी दंतकथा त्या भागात सांगितली जाते.

भांडवल पुरवले ते थ्रप येथील फिनिक्स लोखंड कारखान्याचे मालक जॉन फेराबी यांनी. मे १८३० मध्ये दोघांचा करार झाला आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी पेटंट मिळाले. या पेटंटच्या मसुद्यात एक लक्षणीय गोष्ट आहे: जमीनदार गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवले तर त्यांना उपयुक्त आणि आरोग्यदायी व्यायाम घडेल, असे बडिंगने त्यात सुचवले आहे. जे काम तोवर केवळ मजुराचे मानले जाई ते मालकाने हौसेने करावे ही कल्पना तेव्हा नवीच होती, आणि पुढे घरोघर गेलेल्या बागकामाचे बीज या वाक्यात आहे असे म्हणायला हरकत नाही. लहान यंत्राची किंमत ७ गिनी आणि मोठ्याची १० गिनी होती. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा ही खरेदी मजुराच्या आवाक्याबाहेरच होती. लंडनमधील रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयाने सुरुवातीच्याच काळात एक यंत्र घेतले आणि ते सहा ते आठ माणसांचे काम करते असा निर्वाळा तेथील बागेच्या मुख्याने दिला. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम्स कारखान्याने परवाना घेऊन ही यंत्रे बनवायला घेतली. १८४६ मध्ये बडिंग वारला तेव्हा त्याचे यंत्र मोठ्या बागांपुरतेच पोहोचले होते.

माणसाने ढकलायचे यंत्र जड होते, तेव्हा त्याला जनावर जुंपणे ओघानेच आले. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्स याने १८४० च्या दशकाच्या आरंभी २७ इंच रुंदीचे, तट्टाने ओढायचे यंत्र बनवले, आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून अशा तट्टांच्या पायांत चामड्याचे बूट चढवले जाऊ लागले. भारतात या यंत्राला बैल जोडले गेले. ताजमहालाच्या बागेत तर बैलाने ओढायची गवतकापणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही पाहायला मिळत असे. १८५९ मध्ये लीड्सच्या टॉमस ग्रीन याने दातेरी चाकांऐवजी साखळी वापरून यंत्राचा खडखडाट कमी केला. याच सुमारास क्रोकेसारखे हिरवळीवरचे खेळ लोकप्रिय झाले आणि १८७० च्या दशकात लॉन टेनिसने त्यांना मागे टाकले. चेंडू टप्पा घेऊन सरळ उसळायचा तर गवत आखूड आणि जमीन सपाट हवी, तेव्हा हे यंत्र नसते तर टेनिस आजच्या रूपात उभेच राहिले नसते. विंबल्डनच्या क्लबने १८७७ मध्ये पहिली स्पर्धा भरवली त्यामागचे एक कारण तट्टाने ओढायच्या रुळाच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करणे हे होते, असे सांगितले जाते.

वाफेचे यंत्र फार काळ टिकले नाही. लँकेशरमधील लेलँड येथील जेम्स समनर याने १८९३ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गवतकापणी यंत्राचे पेटंट घेतले, पण ते टनावारी वजनाचे होते आणि पाणी तापेपर्यंत वाट पाहावी लागे. समनरच्या उद्योगातून पुढे लेलँड मोटर्स ही मालमोटारींची कंपनी उभी राहिली आणि तेच नाव अशोक लेलँडच्या रूपाने भारताच्या रस्त्यांवर आले. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. १९२१ पासून बर्मिंगहॅमच्या चार्ल्स एच. प्यू या कंपनीने ॲटको नावाचे मोटारयंत्र विकायला काढले, आणि त्याच्या वार्षिक देखभालीसाठी ठिकठिकाणी केंद्रे उघडली. या यंत्राचे सारे कसब दोन पात्यांमधल्या केसभर अंतरात असल्यामुळे ते जुळवून देणारा जाणकार जवळ असणे हे यंत्राइतकेच मोलाचे आहे, हे त्या कंपनीने नेमके ओळखले होते.

१९५२ मध्ये सिडनीच्या कॉन्कर्ड या उपनगरात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन याने पीच या फळाचा रिकामा डबा इंधनाची टाकी म्हणून वापरून जे यंत्र जुळवले, आणि जे पुढे व्हिक्टा या नावाने ऑस्ट्रेलियाच्या घरोघर गेले, ते वेगळ्या जातीचे होते. त्यात खालचे स्थिर पाते नसते. एक आडवे पाते उभ्या आसाभोवती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि केवळ वेगाने गवत तोडते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही त्या जुन्या लांब विळ्याचीच पुनरावृत्ती आहे, फक्त हाताच्या जागी इंजिन आले. अशी यंत्रे १९३० च्या दशकातही निघाली होती, परंतु स्वस्त हलक्या इंजिनांमुळे ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र झाली. आज बाजारात मिळणारे कोणतेही यंत्र मुळात या दोन कुळांपैकी एकाचे असते, आणि निवड करताना अश्वशक्ती किंवा रंगरूप पाहण्याआधी यंत्र कातरीच्या कुळातले की विळ्याच्या, हे पाहावे.

महाराष्ट्रात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील हिरवळ प्रामुख्याने हरळीची असते. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्या याच. शेतकऱ्याला मात्र ही वनस्पती नकोशी, कारण काळ्या जमिनीत खोल गेलेल्या तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालून पसरणारी गाठाळ खोडे, कुदळीने खणून वेचून काढल्याशिवाय शेत स्वच्छ होत नाही. जो चिवटपणा शेतात शत्रू ठरतो तोच हिरवळीत गुण ठरतो: हरळी जमिनीलगत आडवी पसरते, वरचेवर आखूड कापलेली सोसते आणि उलट अधिक दाट होते. तिच्यासाठी कातरीच्या कुळातले यंत्रच सरस, कारण ते पान स्वच्छ कापते, तर बोथट फिरते पाते पान फाडते आणि दोन दिवसांत हिरवळीवर पांढुरकी-तपकिरी झाक येते. मात्र पावसाळ्यात वाढलेले ओले, उंच गवत कातरयंत्रात अडकते. तेव्हा आधी फिरत्या पात्याच्या यंत्राने किंवा साध्या विळ्याने उंची उतरवावी आणि मग कातरयंत्र घालावे. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. दंडगोल आणि स्थिर पाते यांची जुळणी पाहायची साधी रीत अशी की, दोहोंमध्ये कागदाची पट्टी धरून दंडगोल हाताने सावकाश, बोटे दूर ठेवून फिरवावा. सगळ्या रुंदीवर पट्टी स्वच्छ कातरली गेली तर जुळणी बरोबर, ती मुडपली किंवा फाटली तर स्थिर पाते जवळ आणायला हवे किंवा धार लावायला हवी. अंगण चार-दोन वाफ्यांएवढे असेल तर खुरपे आणि विळा यांनीच काम नीट होते, आणि तेथे यंत्र घेणे हा व्यर्थ खर्च आहे.

खेळाच्या मैदानांवर हा निवाडा केव्हाच झाला आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीवरचे आणि विंबल्डनच्या कोर्टांवरचे गवत आजही फिरत्या दंडगोलाच्या यंत्रांनीच कापले जाते. विंबल्डनमध्ये स्पर्धेच्या काळात त्याची उंची ८ मिलिमीटर असते. ज्या स्ट्राउडच्या परिसरात हे यंत्र जन्मले तेथील गिरण्यांत, टेनिसच्या चेंडूवर चढवायचे लवदार लोकरी कापड एकविसाव्या शतकातही विणले आणि कातरले जात होते.