श्रीगोंद्याची श्रवणपरंपरा आणि मराठी बायबलाचा नित्यपाठ

मराठी बायबलाच्या इतिहासाचा विचार बहुधा भाषांतरकार, छापखाने आणि आवृत्त्या ह्यांच्या अनुषंगाने केला जातो. परंतु ग्रंथ छापून झाला म्हणजे तो वाचला गेलाच असे नाही. आणि वाचला गेला तरी त्यापासून वाचणाऱ्याला रोजच्या संसारात धीर मिळालाच, असेही नाही. छापील पुस्तकाचे नित्यपाठाच्या पोथीत रूपांतर कसे होते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचा विचार श्रीगोंद्यापासून आरंभिणे उचित ठरते; कारण धर्म कोणताही असो, त्याचे वचन मराठी कानाला रुचेल अशा रूपात आले तरच ते घरात टिकते, ह्याचे एक ठळक प्रमाण ह्या गावाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या आगमनापूर्वीच देऊन ठेवले होते.

पूर्वी चांभारगोंदे ह्या नावानेही ओळखले जाणारे हे गाव शेख महंमदांचे. चांद बोधले ह्यांचे हे शिष्य, जन्माने मुसलमान. पण त्यांनी आपला ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत रचला. शके १५६७, म्हणजे इ. स. १६४५, हा त्याचा रचनाकाल मानला जातो. सूफी व भागवत विचारांचा संगम म्हणून ह्या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे महत्त्वाचे आहे ते त्याचे रूप. ओवी ही मुख्यतः ऐकण्यासाठी असते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती वाट्याला येते. ह्याच सुमारास गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीही हाच मार्ग धरला होता. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी बायबलातील कथा ओवीबद्ध केली आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. तथापि मराठी श्रोत्याची गरज दोघांनीही सारखीच ओळखली होती.

एकोणिसाव्या शतकात मात्र बायबल गद्यातून आले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचा नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत निघाला. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू केले. जिल्ह्यातील नवख्रिस्ती मंडळींत महार समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. ज्यांना पोथीजवळ बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या घरात धर्मग्रंथ येऊन पडला, ही घटना सामान्य नव्हे. पण घरात आलेला ग्रंथ वाचणार कोण? अक्षरओळख थोड्यांनाच. म्हणून घरातील शिकलेल्या मुलाने वाचावे व वडीलधाऱ्यांनी ऐकावे, ‘बायबलबाईं’नी घरोघर जाऊन वाचून दाखवावे, असे मार्ग निघाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्यांनी तर बायबलातील आख्याने कीर्तनात आणली. नगर जिल्ह्याने हे परके पुस्तक आपल्या जुन्या श्रवणाच्या वळणावर आणले, ते असे.

गद्य बायबल एकट्या वाचकाला कसे वेधू शकते, ह्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचण्याचे वचन दिले म्हणून त्यांनी तो हाती घेतला. पुढे डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु टिळक पंडित होते, कवी होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार उद्ध्वस्त झाला. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या दोघांच्या वाटा जेथे मिळतात ते स्थळ म्हणजे ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी ते ओवीत आरंभिले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही निधनानंतर, ते प्रसिद्ध झाले. आयुष्यभर बायबल वाचलेल्या ह्या दांपत्यालाही ते पुन्हा ओवीत आणावेसे वाटले, हे विसरता येत नाही.

पंडिता रमाबाईंनी ह्याहून वेगळे उत्तर शोधले. श्रीगोंदे तालुक्याच्या दक्षिणेस भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. त्यातील केडगावी त्यांचे मुक्तिसदन होते. दुष्काळात सापडलेल्या मुली व निराधार स्त्रिया तेथे आश्रयास होत्या. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, असे रमाबाईंना दिसले. पुराणे सांगणाऱ्या घराण्यात वाढलेल्या, संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या विदुषीने ओवीचा आश्रय न करता साधे बोलीजवळचे गद्य पत्करले, हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून मुळावरून भाषांतर केले, आणि ते आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी तेथील छापखान्यात छापविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. पुढे व्यापक प्रसार मिळाला तो बायबल सोसायटीच्या पाठाला. तरीही ज्या स्त्रीला शब्द अडतो तिला त्या ग्रंथाचा आधारही अडतो, ही रमाबाईंची दृष्टी प्रसाराच्या मोजमापाने उणी ठरत नाही.

बाप्तिस्म्यांची संख्या अहवालांत सापडते. सकाळी वाचलेल्या चार ओळींनी दिवसभर पुरलेला धीर कोणत्याही अहवालात येत नाही. त्याचा माग घ्यावयाचा तो ग्रंथांच्या रूपावरून. ओवी, कीर्तन, मोठ्याने वाचन आणि साधे गद्य ही चारही रूपे एकाच गरजेची साक्ष देतात: श्रद्धेला रोज पोसणारे वचन आपल्या बोलण्याच्या टप्प्यात असले पाहिजे. स्टीफन्स, सांगळे, टिळक दांपत्य आणि रमाबाई ह्यांना मतभेदांसह एकत्र आणणारे सूत्र हेच. आणि ते ख्रिस्ती परंपरेपुरते नाही, हे शेख महंमदांच्या ओवीने श्रीगोंद्यात आधीच सिद्ध झाले होते. म्हणून मराठी बायबलाच्या अभ्यासकाने आवृत्त्यांच्या याद्यांबरोबर घरातील श्रोत्याचाही विचार करणे अगत्याचे होय.